कसबाचा मोबदला



माझे शाळेचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे नगरवाचनालयात, पाळी सुटल्यावर झाले. त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांचे ग्रंथ मी वाचतो ते कज्ज्यातल्या माणसाने कागदपत्र वाचावे तसे. आपल्या बाजूचे त्यात काय आहे ते शोधीत.

डेव्हिड रिकार्डो हा लंडनच्या शेअरबाजारात पैसा मिळवून पार्लमेंटात गेलेला गृहस्थ. मजुरांचा कैवारी मुळीच नव्हे. यंत्रे आली की सर्वच वर्गांचे भले होते, असे तो मानीत असे. पण 1821 साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवर नवे प्रकरण घातले आणि कबूल केले की आपली चूक झाली. माणसाच्या जागी यंत्र बसवणे मजुरांना पुष्कळदा घातक ठरते. तरीही यंत्र अडवा, असे तो म्हणाला नाही. अडवले तर भांडवल परदेशी जाईल, हे त्याचे उत्तर होते. आमच्यातले काही वक्ते पहिला भाग सांगतात आणि खाली बसतात.

व्यापाराबाबत अशी कबुली यायला आणखी दोनशे वर्षे लागली. 2001 साली चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. स्वस्त मालापुढे अमेरिकेतला कारखाना बुडाला तर तिथला कामगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात जाईल, असे पाठ्यपुस्तक सांगत होते. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघांनी 2013 साली भागवार आकडे मांडले, तर माणसे फारशी हललीच नव्हती. म्हातारे आईबाप आणि मुलांची शाळा टाकून कोण जातो? त्या भागांत बेकारी वाढली, सरकारी मदतीवर जगणारे वाढले. 'हळूहळू सारे सुरळीत होते' यातले 'हळूहळू' म्हणजे एका माणसाची सारी उमेद. 1982 च्या संपानंतर गिरणगाव सोडून आलेली घरे या सभेत असतील. त्यांना हे मी काय सांगावे!

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. 2023 साली गोल्डमन सॅक्सने अंदाज दिला की दहा वर्षांत जगाचे उत्पन्न 7 टक्क्यांनी वाढू शकेल. 2024 साली नोबेल मिळालेले असेमोग्लू यांनी अमेरिकेपुरते साधे त्रैराशिक मांडले. शंभरांतली वीस कामे या यंत्राच्या आवाक्यातली. त्यांतली जेमतेम चौथा हिस्सा दहा वर्षांत परवडणारी. आणि तिथे खर्चाची बचत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. गुणाकार केला तर उत्पादकतेतली वाढ एक टक्काही भरत नाही.

हा झाला लाभ केवढा याचा वाद. मला वाटणीचा कागद हवा होता. तो ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड यांच्या 2023 सालच्या अभ्यासात सापडला. ग्राहकांच्या तक्रारी निवारणारे पाच हजारांवर कर्मचारी, बहुतेक फिलिपिन्समधले. यंत्र त्यांना उत्तरे सुचवी. काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढले. नवख्यांचे तिसऱ्या हिश्श्याने, मुरलेल्यांचे जवळजवळ नाहीच. का? तर मुरलेल्यांच्या संभाषणांवरच ते यंत्र शिकले होते! त्यांना त्याबद्दल काही द्यावे काय, हा प्रश्न लेखकांनीच विचारून ठेवला आहे.

वाचता वाचता मला 1995 साल आठवले. आमच्या कारखान्यात एक म्हातारे टर्नर होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. नुसत्या आवाजावरून टूल कधी बदलायचे ते सांगत. एक तरुण इंजिनिअर दोन महिने त्यांच्याशेजारी वही घेऊन बसला. काकांनी त्याला चहा पाजला आणि सारे सांगितले. वर्षभरात संगणकावरचा लेथ आला, वहीतले आकडे त्यात गेले, आणि काका स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजू लागले. त्यांचा ओव्हरटाइम बुडाला. मी संघटनेचा नवखा प्रतिनिधी. वाटाघाटीत त्या वहीचे काहीतरी द्या म्हणालो. समोरचे हसले, "आवाज ऐकण्याचे पैसे मागता?" मी गप्प बसलो. आमच्या मागणीपत्रकात त्या गोष्टीला नावच नव्हते. काका मला कधी बोलले नाहीत, हे अधिक लागते.

हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 साली 148 दिवस संप केला. यंत्राला लेखक म्हणणार नाही, ते वापरण्याची सक्ती करणार नाही, एवढे त्यांनी लिहून घेतले. त्यांच्या लिखाणावर यंत्र शिकवावे की नाही, हा मुद्दा मात्र त्यांनाही हक्क राखून पुढे ढकलावा लागला. एवढी बळकट संघटना, तरी!

यंदा आमच्या मागणीपत्रकात मी ते कलम घातले आहे: कामगाराच्या कामाची नोंद घेऊन यंत्र शिकवायचे, तर आधी सांगा आणि मोबदला ठरवा. उत्तर अजून आलेले नाही. आपली मुले पुण्याला संगणकावर बसतात. त्यांच्या नेमणूकपत्रात, बोललेले-लिहिलेले सारे कोणाच्या मालकीचे, असे एखादे कलम असेल तर ते वाचून पाहा. समजले नाही तर पत्र घेऊन या. सकाळी दहापर्यंत मी संघटनेच्या कचेरीत असतो.