एकही दार सुटू नये

रोग हटविण्यास लसीइतकीच दारोदार जाणारी माणसे लागतात. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपाईन्समधील बालकांना पोलिओची लस देण्याचे कार्य आरंभिले. १९८५ मध्ये ते जगभर नेले. भारतात १९९५ पासून शासनाच्या मोहिमेत असंख्य स्वयंसेवक राबले. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा एकही नवा रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

तथापि पाकिस्तान व अफगाणिस्तानात तो विषाणू अद्याप जिवंत आहे. वारज्यातून महामार्ग जातो. कामासाठी कुटुंबे येतात नि जातात. त्यांची बालके लसीविना राहिली, तर विषाणूला वाट मोकळी होते. म्हणून पोलिओ रविवारी सदनिकांइतकीच बांधकामावरील पत्र्याच्या खोल्यांची दारेही ठोठवावीत. सेवेची खरी कसोटी तेथेच आहे.