पॉडकास्टचा खर्च कोणी करायचा?



आपल्यातले बरेच जण मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पॉडकास्ट चालवतात. विषय आपल्या वस्तीचे असतात: शाळा, पाणी, नोकरी, लग्नातला खर्च. चार-पाच भाग उत्साहात निघतात आणि मग खिसा रिकामा होतो. म्हणून आज पैशाबद्दल बोलू या. पैसे मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीतली ही परंपरा टिकली, त्यात जाहिरातदारांचा मोठा वाटा आहे.

आधी हिशेब करा. जाहिरात कंपन्या दर हजार श्रोत्यांमागे भाव ठरवतात. समजा भाव ५०० रुपये आहे आणि तुमचे श्रोते ४०० आहेत, तर एका भागाचे २०० रुपये मिळतील. या वाटेने आपले भागणार नाही. पण हे ४०० श्रोते एकाच शहरातले असतील, तर तिथल्या चष्म्याच्या दुकानाला, बेकरीला, पुस्तकवाल्याला, क्लासवाल्याला ते मोलाचे आहेत. म्हणून एकेक भाग न विकता पूर्ण मालिका समोर ठेवा. एका भागाला १,५०० रुपये लागत असतील, तर आठ भागांना १२,००० लागतील. हे तीन प्रायोजकांकडून ४,००० प्रमाणे घ्या.

एकाकडून सगळे का घ्यायचे नाहीत? समजा एका बिल्डरने पूर्ण रक्कम दिली आणि सहाव्या भागात मोहल्ल्यातल्या बायका तुंबलेल्या नाल्याबद्दल बोलल्या. नाला त्याच्याच बांधकामाच्या राडारोड्याने तुंबलेला. तो फोन करून म्हणेल, “एवढा भाग गाळा.” तुमच्याकडे तीन प्रायोजक असतील तर नाही म्हणता येते. एकच असेल तर त्या बायकांचा आवाज जातो आणि पुन्हा त्या तुमच्याशी बोलणार नाहीत.

त्यासाठी पहिल्याच भेटीत एक कागद करा. जाहिरात किती भागांत, कुठे, किती सेकंद, पैसे कधी, हे लिहा. शेवटी एक ओळ हवीच: विषय, पाहुणे आणि संपादन यांत प्रायोजकाचा अधिकार नाही. दुकानदार ओळखीचे चाचा असले तरी सही घ्या; उद्या गैरसमज झाला तर नाते वाचेल.

श्रोत्यांपासूनही काही लपवू नका. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैसे घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे, हे ऑडिओत सुरुवातीला आणि शेवटी सांगावे लागते. काही पैसे सरळ नाकारा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीला २०२५च्या कायद्याने बंदी आहे. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची जाहिरातही आपल्या तोंडून जाऊ नये.

आखातातल्या भावांची मदत अनेकांना आठवेल. भारतीय नागरिकाने तिथल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. पण परदेशी नागरिकाची किंवा परदेशी संस्थेची देणगी वेगळी. बातम्या व चालू घडामोडींचे ऑडिओ कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना २०१०चा विदेशी अंशदान कायदा ती घेऊ देत नाही. अशी रक्कम येण्याआधी जाणकार सीएला विचारा.

आणि श्रोत्यांना विसरू नका. शंभर जणांनी महिन्याला ५० रुपये यूपीआयने दिले तर ५,००० होतात. घरच्या खात्यात ते मिसळू नका, वेगळे खाते ठेवा. दर तीन महिन्यांनी जमाखर्च पॉडकास्टमध्येच वाचून दाखवा. किती आले, कोणाकडून आले, कशावर गेले. आपण नगरसेवकाला, ट्रस्टला, शाळेला हिशेब विचारतो. मग आपला हिशेब आधी उघडा असला पाहिजे.

या आठवड्यात एवढेच करा: एका भागाचा खरा खर्च कागदावर मांडा आणि आपल्या गल्लीतल्या तीन दुकानांची यादी करा. पहिल्या दुकानात उद्याच जा.