'जादा' कोण ठरवणार?

(बेलापूर, ता. श्रीरामपूर येथील कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



घरचा बैल विकायचा तरी आपण चार माणसे बसतो. दात बघतो, बाजार ठरवतो, पैशाचे काय करायचे तेही आधी ठरवतो. गावाची मालमत्ता विकली जाते तेव्हा मात्र आपल्याला कळते ट्रक निघून गेल्यावर. मग ती पाणीयोजनेची जुनी मोटर असो, लोखंडी पाइप असोत, टाकीशेजारचा मोकळा तुकडा असो, की महामंडळाचा मळा.

आपण जागे होतो लिलावाच्या दिवशी. खरा निर्णय त्याआधीच झालेला असतो. 'ही वस्तू जादा आहे' असा शेरा कागदावर पडला, की पुढचे सगळे ओघाने येते. म्हणून पहिला प्रश्न भावाचा नाही. जादा कोणी ठरवले, हा आहे.

या भागाला हे शिकवायला नको. हरेगाव, टिळकनगरच्या मळ्यांसाठी इथल्या शेतकऱ्यांनी साखर कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. कारखान्यांकडची जमीन १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली. मालक खंडकरी, पण त्याला कोणी विचारले नाही. कॉम्रेड माधवराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खंडकरी लढले, कायदा दुरुस्त करावा लागला, आणि जमीनवाटप सुरू झाले २०१२ मध्ये. मधे जवळजवळ अर्धे शतक गेले.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. चार पावसाळे नांगर लागला नाही, तर काळ्याभोर रानातही हरळी, कुंदा आणि वेडी बाभूळ माजते. चाऱ्या बुजल्या की पाटाखालचे रानही कोरडे पडते. पडीक ही जमिनीची जात नाही, ती तिला ठेवणाऱ्याची करणी आहे. आधी हेळसांड करायची, मग 'पडीक' म्हणायचे, मग 'जादा' म्हणून द्यायची, ही वाट ओळखायला शिका. मोटरीचेही तेच. शंभराचे बेअरिंग बसवायचे नाही आणि मोटर भंगारात काढायची!

कायदा काय म्हणतो? ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे ग्रामपंचायत स्थावर मालमत्ता विकू शकते, पण जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ती विक्री वैध नाही. संपादित जमीन उरली तर? १९९७ साली केरळच्या भास्करन पिल्लई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ती दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरावी, नाहीतर जाहीर लिलावाने विकावी. मूळ मालकाला हे कडू लागेल. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने थोडे दार उघडले. कलम १०१ प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी भूमी बँकेत परत जाते. त्या कायद्याखाली घेतलेली जमीन विकास न करताच पुढे विकली, तर कलम १०२ प्रमाणे वाढलेल्या किमतीतला ४० टक्के वाटा मूळ मालकांचा. 'किंवा' या शब्दावर डोळा ठेवा. आपली भांडणे तिथेच होणार आहेत.

आता आपली मागणी. विक्रीचे पाच नियम:

१. कोणतीही वस्तू वा जमीन जादा ठरवण्याआधी तिची यादी, कारणासह, ग्रामसभेत वाचावी.

२. दुसऱ्या सार्वजनिक कामाला ती लागते का, हे आधी तपासावे. शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, भूमिहीनाचे घर.

३. किंमत विकणाऱ्याने नव्हे, त्रयस्थाने ठरवावी आणि ती फळ्यावर लावावी.

४. लिलाव जाहीर, गावात दवंडी देऊन. सदस्य, कर्मचारी आणि त्यांचे घरचे यांना बोली लावता येऊ नये.

५. आलेला पैसा पगारात, चहापाण्यात जिरवू नये. पाणीयोजनेचे विकले तर पैसा पाणीयोजनेतच जावा.

यात सरकारकडे भीक काहीच मागितलेली नाही. आपल्याच वस्तूचा हिशेब मागतो आहोत.

येथून गेल्यावर एक काम करा. आपापल्या ग्रामपंचायतीत स्थावर मालमत्तेची आणि जडवस्तूंची नोंदवही बघायला मागा. दाखवली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज टाका. नोंदवहीतली मोटर विहिरीवर आहे का, हे जाऊन बघा. तेवढे झाले तरी पुढच्या ग्रामसभेत बोलायला तुमच्याकडे भरपूर असेल.