कासवाचे घर तलाव, कोंबडीचे घर खुराडे



गोंदिया जिल्ह्याची ओळख तलाव आणि धान या दोन गोष्टींनी होते. कोहळी समाजातील जाणत्या कारागिरांनी आणि गावोगावच्या मालगुजारांनी बांधलेले तलाव आजही माजी मालगुजारी तलाव, अर्थात 'मामा तलाव', म्हणून शेतीला पाणी पुरवितात. या तलावांत मासे असतात, तशीच कासवेही असतात. मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की उन्हाळाभर चिखलात निपचित पडून राहिलेली मऊ कवचाची कासवे बाहेर पडतात आणि बांधावर, बांधीत, कधी अंगणातही दिसू लागतात.

अशा वेळी मुले कौतुकाने कासव उचलून आणतात. घरातील वडील मंडळी ते शुभ मानतात. ठेवायला जागा नसते, म्हणून त्याची रवानगी कोंबड्यांच्या खुराड्याकडे होते. हेतू वाईट नसतो. परंतु त्यातून कासव, कोंबडी आणि माणूस या तिघांचेही अहित होते.

प्रथम कासवाचा विचार करू. तलावातील कासव पाण्यात राहणारे आहे. कोरड्या खुराड्यात त्याची कातडी सुकते. ते गोगलगायी, किडे, मासे, मेलेले जीव आणि पाणवनस्पती खाते. कोंबडीचा कोंडा-भरडा हे त्याचे अन्न नव्हे. हालणाऱ्या वस्तूवर चोच मारणे हा कोंबडीचा स्वभाव असल्याने कासवाचे डोळे व शेपटी जखमी होतात. उलट, मांसाहारी असलेले हे कासव लहान पिलाला चावाही घेऊ शकते. बाजारात 'स्टार' नावाने ओळखले जाणारे जमिनीवरील कासव शाकाहारी असते. त्याने कोंबडीचे प्रथिनयुक्त खाद्य सतत खाल्ले, तर त्याच्या कवचाची वाढ बिघडण्याचा धोका असतो.

दुसरा प्रश्न आरोग्याचा आहे. साल्मोनेला हे जंतू कासव आणि कोंबडी या दोघांच्याही आतड्यांत कोणतेही लक्षण न दाखविता राहतात. एकाच भांड्यातील पाण्यातून ते एकमेकांकडे आणि न धुतलेल्या हातांवाटे मुलांच्या पोटात जातात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली.

तिसरा प्रश्न कायद्याचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानुसार तलावातील हे मऊ कवचाचे कासव आणि स्टार कासव ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पकडणे वा पाळणे हा अपराध असून त्यास ३ ते ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. असा प्राणी हाती आल्यास ४८ तासांच्या आत वन अधिकारी किंवा पोलीस ठाण्यास कळविणे बंधनकारक आहे.

मग करावे काय? बांधावरून चाललेले कासव दिसल्यास त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. घरात ठेवलेले कासव परस्पर तलावात सोडू नये. खुराड्यातील रोग त्याच्यासोबत तलावातील इतर कासवांपर्यंत जाऊ शकतो. ते वनरक्षकाच्या स्वाधीन करावे. शिक्षकांनी मुलांना कासव तलावाकाठीच दाखवावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. कोंबडीपालन मात्र अवश्य वाढवावे: खुराडे कोरडे व हवेशीर असावे, पाणी रोज बदलावे आणि मानमोडी रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी.

मंदिराच्या सभामंडपात दगडी कासवाला नमस्कार करूनच भाविक देवापुढे जातो. ती श्रद्धा योग्यच आहे. परंतु मेलेले जीव खाऊन तलावाचे पाणी स्वच्छ ठेवण्यास हातभार लावणाऱ्या जिवंत कासवाचा खरा मान तलावातच राखला जातो. कोंबडी हजारो वर्षे माणसाच्या अंगणात वाढली. कासव कधीच अंगणाचे नव्हते. ज्याचे घर त्याला लाभू देणे, हीच दोघांची खरी सेवा होय.