वर्गातील बेशिस्त व वरिष्ठांची उदासीनता

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समिती, उमरेड यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून पाठांचे नमुने व मूल्यमापनाची पत्रके यांविषयी पुष्कळ चर्चा झाली. तथापि मधल्या सुटीत आपणांपैकी कित्येकांच्या तोंडी निराळाच विषय होता. वर्गात मुले ऐकत नाहीत आणि ते कोणाला सांगावे तर ऐकून घेणारे कोणी नाही, ही तक्रार शाळाभेटींच्या वेळी तालुक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझ्या कानी येते. म्हणून ठरलेला विषय बाजूस ठेवून याच विषयावर चार शब्द बोलावे, असे मी ठरविले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. या तक्रारी दोन आहेत. एक मुलाच्या वर्तनाची, दुसरी व्यवस्थेच्या उदासीनतेची. त्या एकमेकींत मिसळल्या म्हणजे दोन्ही सुटत नाहीत. वरिष्ठांनी दाद दिली नाही म्हणून मनात साचलेला राग शेवटच्या बाकावरील मुलावर निघतो. आणि मुलांनी दिवसभर दिलेला त्रास संध्याकाळी मुख्याध्यापकांशी वादाच्या रूपाने बाहेर पडतो. वरून आलेला राग खाली उतरू न देणे, हे शिक्षकाच्या शिस्तीचे पहिले कलम आहे.

आता मुलांकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा अथवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यास शाळेतून काढून टाकता येत नाही. छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिले नाही, असे काही शिक्षक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. परंतु छडीने येणारी शांतता छडी दृष्टीआड होताच संपते, हा अनुभव कायद्यापूर्वीही होताच. शिवाय आपल्या भागात मार खाल्लेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच, याची शाश्वती कोणी द्यावी? दिवाळीनंतर कापूस वेचणीला हात हवे असतात. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडण्यास आई जाते, तेव्हा धाकटे भावंड सांभाळण्यास घरी कोणी नसते. अशा मुलास शाळेत न येण्यास एक निमित्त पुरते. ते निमित्त आपण होऊ नये.

जे वर्तन आपणांस उद्धटपणाचे वाटते, त्याच्या मुळाशी बहुधा तीन कारणे आढळतात. मुलाला काम समजत नाही. मुलाजवळ काम नाही. किंवा मुलाच्या घरी काही बिघडले आहे. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता येणारच. तिसरीस गणित चालू असता चौथीच्या मुलांजवळ काम नसेल, तर त्यांनी स्वस्थ बसावे ही अपेक्षाच अवाजवी ठरते.

एका द्विशिक्षकी शाळेतील उदाहरण सांगतो. पाचवीतील एक मुलगा दुपारनंतर शेजाऱ्यांच्या वह्या फाडी, मधूनच वर्गाबाहेर निघून जाई. शिक्षकांनी मुख्याध्यापकांकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा ‘तुमचा वर्ग तुम्ही सांभाळा’ असे उत्तर मिळाले. शिक्षकांनी वाद वाढविला नाही. एका साध्या वहीत त्यांनी पंधरा दिवस नोंद ठेवली: कोणता दिवस, कोणता तास, आधी काय चालले होते आणि नंतर काय घडले. पंधरा दिवसांनी पाहता बहुतेक प्रकार श्रुतलेखनाच्या अथवा प्रकट वाचनाच्या वेळी झालेले दिसले. मुलास जोडाक्षरे वाचता येत नव्हती, आणि ते उघडे पडण्यापेक्षा खोडकर म्हणवून घेणे त्यास बरे वाटत होते. मग परिपाठापूर्वी रोज दहा मिनिटे दुसरीचे पुस्तक त्याच्याकडून एकट्याकडून वाचून घेणे सुरू झाले. श्रुतलेखनाच्या वेळी त्याला पाच सोपे शब्द निराळे दिले जात. मुलगा एका महिन्यात शहाणा झाला असे मी सांगणार नाही. पण वह्या फाडणे थांबले व तो वर्गात टिकला.

यातून घेण्यासारखी साधने साधी आहेत. वर्गाचे नियम चार-पाचच असावेत, ते मुलांसमवेत ठरवावेत व रोज सारखेच पाळले जावेत. आज हसून सोडले आणि उद्या त्याच गोष्टीवर रागावले, तर मूल नियम शिकत नाही, शिक्षकाची लहर ओळखण्यास शिकते. प्रत्येक इयत्तेचे स्वयंअध्ययनाचे काम टाचणातच लिहून ठेवावे. चूक चारचौघांत न बोलता बाजूस घेऊन सांगावी. चांगले काही घडले तर मात्र सर्वांदेखत बोलावे. पालकांकडे केवळ तक्रार घेऊन जाऊ नये. संध्याकाळी आईवडील शेतातून परतल्यावर जावे, आणि पहिली भेट मुलाचे काही चांगले सांगण्यासाठी असावी.

गैरहजेरीलाही आपण बेशिस्त समजतो. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येईनात. त्यांना आळशी न ठरविता शाळाच कुरणावर नेण्यात आली. ती कुरणशाळा म्हणून ओळखली जाते. आपणांस प्रत्येक वेळी शाळा शेतावर नेता येणार नाही, हे खरे. परंतु मूल का येत नाही हे आधी विचारणे व शिक्षेचा विचार मागाहून करणे, हा क्रम आपणही पाळू शकतो.

ताराबाईंचे सहकारी गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मराठीतही उपलब्ध आहे. ते प्रत्येक शाळेच्या कपाटात असावे. त्यातील शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो शांततेचा खेळ योजतो आणि वर्गात गोंधळ माजतो. मुख्याध्यापकांचे बोल त्यास ऐकावे लागतात, सहकारी हसतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तीच मुले कान टवकारून बसतात. कथा कल्पित असली, तरी आपल्या कामाचे दोन्ही कोन तीत आहेत. त्या शिक्षकाने वरिष्ठांचे मन वळण्याची वाट पाहत वर्ग थांबविला नाही, आणि वरिष्ठांशी बोलणेही सोडले नाही.

आता दुसऱ्या तक्रारीविषयी. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘व्यवस्थापन’ म्हणजे एक व्यक्ती नव्हे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी व शाळा व्यवस्थापन समिती अशा या पायऱ्या आहेत. एका पायरीवर दाद लागली नाही म्हणजे जिना संपला असे होत नाही. मात्र पायऱ्या क्रमाने चढाव्यात व प्रत्येक पायरीवर कागद ठेवावा.

कागद कसा लिहावा, हेही महत्त्वाचे आहे. ‘मुले फार बेशिस्त आहेत, वर्ग आवरत नाही, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे पत्र आले, तर वाचणाऱ्यास शिक्षकाची असमर्थता तेवढी दिसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘इयत्ता चौथी व पाचवीची ३८ मुले एका खोलीत बसतात. गेल्या पंधरा दिवसांत नऊ वेळा मारामारी झाली, त्यांपैकी सात वेळा मधल्या सुटीनंतर. मी अमुक उपाय केले. व्हरांड्यात एका इयत्तेस बसण्याची परवानगी व एक फळा मिळावा.’ यात आकडा आहे, केलेले प्रयत्न आहेत आणि नेमकी मागणी आहे. अशा पत्रास नकार देण्यासही कारण लिहावे लागते. पत्र मुख्याध्यापकांच्या द्वारे पाठवावे, पोच घ्यावी, उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यावे. भाषा सौम्य असावी. सौम्य भाषेतील वस्तुस्थिती अधिक दूर जाते.

शाळा व्यवस्थापन समितीला आपण बहुधा सह्यांपुरते बोलावतो. कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. मुलाच्या वर्तनाचा प्रश्न ज्यांच्या घरी पोहोचला पाहिजे, ती माणसे आपल्या बैठकीत बसलेली आहेत. मुलाचे नाव न घेता प्रश्न बैठकीत मांडावा व ठराव इतिवृत्तात यावा. तसेच कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकास लावता येत नाही, आणि कलम २४ मध्ये शिक्षकाच्या गाऱ्हाण्याचे निवारण करण्याची तरतूद आहे. हे माहीत असावे. पण त्याचा वापर वर्गाच्या हितासाठी व्हावा, केवळ वादासाठी नव्हे.

मी स्वतः या जिन्यावरील एक पायरी आहे. म्हणून अधिकाऱ्यांचे कर्तव्यही येथेच सांगितले पाहिजे. शाळाभेटीत दप्तर तपासून शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या म्हणजे भेट पुरी होत नाही. शिक्षकास अडचण विचारावी, ती शेऱ्यात नमूद करावी आणि पुढील भेटीत तिचे काय झाले ते पाहावे. पालकांसमोर शिक्षकास बोल लावणारा मुख्याध्यापक किंवा अधिकारी त्या शिक्षकाची वर्गातील उरलीसुरली पतही काढून घेतो. चूक असेल तर ती खोलीत सांगावी.

काही बाबतींत मात्र वही व पंधरा दिवस यांची वाट पाहू नये. मुलास गंभीर इजा, लैंगिक छळाचा संशय, घरी होणारी मारहाण अथवा मुलाने स्वतःच्या जिवाविषयी काढलेले उद्गार, हे त्याच दिवशी मुख्याध्यापकांस व वरिष्ठांस कळविले पाहिजे. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. तो कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. एकट्याने कुढत राहणारा शिक्षक प्रथम थकतो, मग कडू होतो, आणि शेवटी वर्गात असूनही नसल्यासारखा होतो. हे नुकसान कोणत्याही पत्रकात येत नाही, पण मुलांना ते पहिल्याने कळते. यास्तव पुढील परिषदेस प्रत्येकाने आपल्या वर्गातील एकाच मुलाची पंधरा दिवसांची नोंद घेऊन यावी. नाव लिहू नये. दोघा-दोघांनी बसून ती वाचावी व एकमेकांस उपाय सुचवावेत. ज्या अडचणीस कार्यालयाची मदत लागेल, तिचे पत्र त्याच दिवशी माझ्या हाती द्यावे. त्याची पोच मी तेथेच देईन.