पंपातले औषध फुप्फुसापर्यंत : स्वागताध्यक्षीय भाषण

दमा आणि सीओपीडी (श्वासमार्गांचा दीर्घकालीन अडथळा) या दोन्ही आजारांत इनहेलरमधले औषध फुप्फुसात पोहोचले, तरच उपचार झाला असे म्हणता येते. चिठ्ठीवरचे औषध बरोबर, मात्रा बरोबर, पेशंटने पदरचे पैसे मोजून पंप घेतलेला आणि तो रोज न चुकता ओढलेला; तरीही जिना चढताना धाप तशीच. असे पेशंट जळगाव-धुळ्याच्या ओपीडीत नेहमीचेच आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे औषध जिभेवर आणि घशातच संपलेले असते. या परिषदेसाठी हा एकच विषय निवडण्यामागे स्वागत समितीची भूमिका स्पष्ट आहे. खानदेशात तालुक्याच्या मेडिकलवर पंप मिळू लागला. तो ओढण्याची रीत मात्र घरापर्यंत पोहोचायची राहिली आहे.

आजाराचा पसारा मोठा आहे. भारतात सीओपीडीचे रुग्ण १९९० साली सुमारे २.८ कोटी होते, ते २०१६ पर्यंत साडेपाच कोटींवर गेले. दम्याचे आणखी पावणेचार कोटी. सीओपीडी म्हटले की बिडी-चिलीम डोळ्यांपुढे येते, पण येथे तेवढ्याने भागत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते. त्यांच्या आजाराचे एक मोठे कारण चुलीचा धूर. कापूस वेचून झाला की उपटलेली पऱ्हाटी खानदेशात अंगणात रचली जाते आणि वर्षभर चुलीत जाते. सातपुड्याच्या पाड्यांवर लाकूडफाटा जळतो. घरात गॅस आला तरी भाकरीसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटतेच. त्याला जिनिंगमधली कापसाची धूळ, मळणीचा भुसा आणि जुन्या क्षयरोगाने खराब झालेली फुप्फुसे यांची जोड मिळते. म्हणून येथे पंप ज्यांच्या हाती द्यायचा, त्यांत साठी ओलांडलेल्या, कधी बिडीला हात न लावलेल्या, चष्म्याविना बारीक अक्षर न दिसणाऱ्या बायका पुष्कळ असतात.

पंप हाती घेण्याआधी भीती आडवी येते. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही’, ‘हा शेवटचा उपाय’, ‘पोरीचे लग्न व्हायचे आहे, कोणी पाहिले तर?’ ही वाक्ये साक्रीपासून रावेरपर्यंत ऐकू येतात. या भीतीला साध्या हिशेबाने उत्तर देता येते. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरवते, छाती धडधडवते. नीट ओढलेला फवारा मुख्यतः जिथे लागतो तिथेच काम करतो. हा हिशेब पेशंटपुढे कागदावर मांडला, तर लांबलचक समजावणीपेक्षा लवकर पटतो.

फवाऱ्याचा पहिला पंप अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला. तेव्हापासून त्याची अडचण एकच राहिली आहे : बोटाने डबी दाबणे आणि श्वास आत घेणे एकाच क्षणी जमले पाहिजे. डबी हलवायची, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तोंडाची नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, श्वास सुरू होताच एकदा दाबायचे आणि चार-पाच सेकंद सावकाश आत ओढायचे. नंतर दहा सेकंद, निदान जमेल तितका, श्वास रोखायचा. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबायचे. तोंडातून किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर पडताना दिसला, तर तो फवारा वाया गेला असे समजावे. पंपाच्या तोंडाला स्पेसर, म्हणजे फवारा साठवणारी पोकळ नळी, लावला की दाबणे आणि ओढणे यांची वेळ तंतोतंत जुळवावी लागत नाही. ज्येष्ठांना फवाऱ्याचा पंप स्पेसरशिवाय देऊच नये, इतके स्पष्ट सांगायला हरकत नाही.

पावडरच्या पंपाची रीत नेमकी उलटी. त्यात औषध ढकलणारा वायू नसतो. पेशंटचा श्वासच पावडर आत खेचतो, म्हणून तो जोरात आणि खोल घ्यावा लागतो. रोटाहेलरमध्ये कॅप्सूलचे पारदर्शक टोक खाली करून ती भोकात बसवायची, तळाचा भाग फिरवायचा, म्हणजे कॅप्सूल उघडून पावडर मोकळी होते. उच्छ्वास पंपात सोडायचा नाही. ओलाव्याने पावडर चिकटते. ओढून झाल्यावर आत पाहायचे. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचे. ही कॅप्सूल गिळणारे पेशंटही भेटतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण कॅप्सूल पाण्याबरोबर घ्यायची हेच त्यांनी जन्मभर ऐकलेले असते. एकाच पेशंटला दोन्ही प्रकारचे पंप दिले की सावकाश कुठे आणि जोरात कुठे याचा घोळ होतो. शक्य असेल तिथे त्याची सगळी औषधे एकाच प्रकारच्या पंपातून द्यावीत.

स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचे, नाहीतर तोंडात बुरशी धरते. फवाऱ्याची डबी साधारणपणे ३० अंशांखाली ठेवायची असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा पंप मोटारसायकलच्या डिकीत, चुलीजवळच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत राहू नये. कॅप्सूलची बाटली माठाजवळ ठेवू नये.

पंप ओढण्यातल्या चुका नव्या नाहीत. १९७५ ते २०१४ या काळातल्या १४४ अभ्यासांत मिळून ५४ हजारांवर लोकांचे तंत्र तपासले गेले. पूर्ण बरोबर पद्धत फक्त ३१ टक्क्यांची निघाली, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नव्हती. याहून गंभीर बाब शिकवणाऱ्यांची आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्यावरच्या अभ्यासांत बरोबर पद्धत सुमारे १५ टक्क्यांचीच आढळली. शिकवणाऱ्यालाच जमत नसेल तर पेशंटला बोल लावता येत नाही.

म्हणून ‘पंप घेता ना?’ हा प्रश्न अपुरा आहे. त्याला ‘हो’ हेच उत्तर येते. पेशंटने आपला पंप सोबत आणावा, समोर ओढून दाखवावा, चूक तिथल्या तिथे सुधारावी आणि पुन्हा करून घ्यावे. शिकलेले काही आठवड्यांत विसरले जाते, त्यामुळे हे दर भेटीत करावे लागते. सूचना अहिराणीत दिल्या, सुनेला किंवा नातवाला शेजारी बसवले, तर घरी आठवण करून देणारे कोणी राहते. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशाताई भरून घेतात त्या सीबॅक अर्जात स्वयंपाकाचे इंधन आणि धाप या दोन्हींची विचारणा आहेच. जिथे पंप चालू आहे, तिथे तो ओढून दाखवायला सांगणे हे त्याच भेटीत होऊ शकते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या तालुक्यांतून आलेले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, आरोग्यसेविका आणि आशाताई, तसेच बाहेरगावचे तज्ज्ञ पाहुणे, या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. सभागृहाबाहेरच्या टेबलांवर औषधाविना सरावाचे पंप आणि स्पेसर ठेवले आहेत. पहिले सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक प्रतिनिधीने दोन्ही प्रकारचे पंप दुसऱ्यासमोर ओढून दाखवावेत आणि स्वतःची चूक तपासून घ्यावी, ही विनंती.