सई आणि धाराऊ



भोर-वेल्ह्याच्या मुलुखात बोलावयाचे आणि विषय स्त्रियांच्या नावांचा, तर सईबाईंवाचून आरंभ कसा व्हावा? फलटणच्या निंबाळकरांची ही कन्या शिवरायांची पहिली राणी झाली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी त्या राजगडावर निवर्तल्या. पद्मावती माचीवर त्यांची म्हणून समाधी आजही दाखवितात.

'सई' या शब्दाचे कुळ मोठे गोड आहे. संस्कृतात 'सखी', प्राकृतात 'सही', आणि मधला 'ह' गळून मराठीत 'सई'. अर्थ, मैत्रीण. खेड्यात कागदावर जी 'सई' करतात ती निराळी. ती अरबी घराण्यातली.

पुढे या नावाचा प्रचार ओसरला. विसाव्या शतकात घरोघरी कुसुम, सुमन, सुशीला नांदू लागल्या आणि 'बाई' जोडलेली नावे आजीच्या पिढीची ठरली. १९३८ साली जन्मलेल्या सई परांजपे यांच्यासारखी उदाहरणे विरळाच. अलीकडे मात्र लहान नावांची हौस आली. 'बाई' गळाली, दोन अक्षरे उरली, आणि सई शहरातल्या पाळण्यांत जाऊन बसली. अडचण एवढीच की, इंग्रजी लिपीत 'सई' आणि 'साई' एकच होतात. एखादे मास्तर हजेरी घेताना मुलीला खुशाल शिर्डीला पोचवितात!

असो. आम्हांस खरी रुखरुख आहे ती दुसऱ्या नावाची. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. आईची प्रकृती बरी नव्हती, दूध पुरेना. तेव्हा याच भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊंनी त्यांना पाजले. पुढे सव्वादोन वर्षांतच राजे आईला अंतरले. दुधाची धार म्हणून 'धाराऊ', अशी उकल कोणी करील. पण नाव आधीचे, दूध पाजणे नंतरचे! 'जिजाऊ'मध्ये जो 'आऊ', म्हणजे आई, तोच येथेही आहे.

हे नाव ठेवलेली लहान मुलगी आम्हांस अद्याप भेटलेली नाही. 'सईबाई'तली 'बाई' सहज सुटते. 'धाराऊ'तला 'आऊ' काढला तर उरते ती नुसती पावसाची धारा. शिवाय राणीचे नाव ठेवण्यात मिरविण्याजोगे काही असते, दूधआईचे ठेवण्यात ते लोकांना दिसत नाही. आम्हांला दिसते. येथे कोणाच्या घरी बारसे जवळ आले असेल, तर आत्याबाईंच्या कानावर हे नाव एकवार घालावे, एवढी विनंती आहे.